काचेवरचं पोतं

सुनेची पाणमोट फुटली तेव्हा घरात मिट्ट अंधार होता. सूर्यग्रहण लागलं होतं. पोटुशीवर ग्रहणाचा उजेड पडू नये म्हणून माझ्या नणंदेनं दारं लावून घेतली होती आणि छपराच्या कवेलूंमधल्या काचेखाली पोतं बांधलं होतं.

त्या काचेतूनच आमच्याकडे निरोप यायचे. भिंती मातीच्या, जाड. आत फोन लागत नाही. माझ्या लेकीची लेक जबलपूरला शिकते. तिनं छपरावर फोन ठेवायची सोय केली आणि काच अशी बसवली की निरोप आला की ती डोळ्याला कळणार नाही इतक्या भराभर उन्हाला अडवते, सोडते. खाली कवडसा पडतो. त्यात तिनं ठेवलेली एक डबी तो उजेड वाचते आणि बोलते, तेही त्या पोरीच्या आवाजात. नवा निरोप येईपर्यंत जुनाच सांगत बसते. पोरगी जबलपुरात आणि आवाज आमच्या जमिनीवर. मी त्या कवडशावर कधी पाय दिला नाही.

सकाळी कळा लागल्या तेव्हा अंगणातून किरनापूरला दवाखान्याच्या गाडीसाठी फोन केला आणि फोन पुन्हा छपरावर ठेवला. मग ग्रहण लागलं. गाडी येईना.

"आई, पोतं काढा," सून म्हणाली.

"हौ, आन् लेकरू वाकडं निपजलं तं?" नणंद म्हणाली.

"आत्याबाई, मी मेली तं ग्रहण सुटन काय?"

मी पोतं ओढलं. कवडसा पडला तो राखेच्या रंगाचा. डबी गाडीवाल्याचा निरोप सांगू लागली, "गाडी पुलाजवळ आहे. गावात कोणी दार उघडत नाही. परत जातो." पुन्हा तेच. पुन्हा तेच. ऊन उतरत गेलं तसे शब्द गळत गेले. शेवटी नुसतं "परत... परत..." राहिलं.

मी पुलाकडे पळाले. भरदुपारी गल्लीत माणूस नाही, कुत्रं नाही, सगळी दारं बंद. गाडी वळली होती. मी आडवी उभी राहिले.

ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, पूरा गाँव मर गया क्या?"

"मेला नाई. ग्रहण पाळून राह्यला. चाल."

सुनेला उचलून नेलं तेव्हाही डबी मागून तेच म्हणत होती.

दवाखान्यात म्हणाले, उशीर झाला. नणंद म्हणते, उजेड पडला.

सून वाचली. मुलगी नाही वाचली.