पाठ असलेला रस्ता

रऊफ वारल्याची तार आली तेव्हा मी ऑफिसात कॉम्प्युटर मशीनच्या खोलीत होतो. तो आजारपणाच्या रजेवर त्याच्या गावी, म्हणजे धाड गावाला, गेला होता आणि तो परत येणार असं आम्ही धरूनच चाललो होतो... मी अमडापूरचा. मुंबईच्या त्या ऑफिसात आमच्या जिल्ह्याचे आम्ही दोघंच, त्यामुळं भांडायलाही दुसरं कुणी नव्हतं.

असेंब्लरमध्ये, म्हणजे मशीनच्या अगदी जवळच्या भाषेत, प्रोग्राम लिहिताना त्यातल्या ठिकाणांना आपणच नावं द्यायची असतात. रऊफ एसटीच्या थांब्यांची द्यायचा: खामगाव, अमडापूर, चिखली, बुलडाणा, धाड, त्याच क्रमानं. साहेब वैतागायचे. पण प्रोग्राम मधेच बंद पडला की मशीन नाव सांगत नाही, नुसता आकडा छापतं. तो आकडा कुठल्या नावाजवळचा, हे आम्ही छापील कागदांच्या गठ्ठ्यात शोधत बसायचो. रऊफ आकडा बघूनच म्हणायचा, "चिखली सोडली अन् गाडी बंद पडली बे." ते खरं निघायचं. मला हेवा वाटायचा, का नाही वाटणार?

परीक्षेच्या निकालांचं काम आलं तेव्हा त्यानं चिखलीच्या अलीकडं एक नवा तुकडा घातला. साहजिकच पुढच्या सगळ्या थांब्यांचे आकडे सरकले. नवे कागदही छापून आले होते. प्रोग्राम अडला, आणि रऊफनं ते कागद न उघडताच, जुने पाठ आकडे धरून, बुलडाण्याच्या पुढचा भाग बदलला. बिघाड बुलडाण्याच्या अलीकडं होता. तो पुढं दुसऱ्या कुणी काढला, पण रऊफनं बदललेलं तसंच राहिलं आणि पास झालेली कितीतरी पोरं नापास म्हणून छापली गेली. निकाल नंतर सुधारले. एका मुलीचे वडील मात्र रऊफसमोर येऊन उभे राहिले. पोरगी जेवत नाही, एवढंच म्हणाले.

त्याला प्रोग्रामवरून काढून टेपा सांभाळायच्या खोलीत बसवलं. पुढं साहेबांनी परत बोलावलं, तर हाच जाईना. मी चिडलो, चूक कुणाच्याही हातून होते म्हणालो.

"चूक झाली त्याचं नाही बे," तो म्हणाला. "मले पक्कं वाटत होतं, त्याचं भ्या वाटते."

परवा धाडला रऊफच्या बायकोला, भाभींना, भेटून आलो. त्या सांगत होत्या, बुलडाण्याहून घरी येताना तो आधी पाटी वाचायचा, मग कंडक्टरला विचारायचा आणि मगच गाडीत चढायचा. जन्मापासूनचा रस्ता... शेवटी दवाखान्यातून जीपनं आणलं, तेव्हाही त्यानं विचारलंच, गाडी धाडलेच चालली ना. ड्रायव्हर शेजारचाच, तो हाव म्हणाला. मग रऊफनं भाभींकडं वळून तेच पुन्हा विचारलं.