वीतभर धागा

परवा जुना ॲटलास उघडला, तर आतून कोशाच्या रेशमाचा एक धागा पडला आणि आई गेली ती दुपार आठवली. मोठ्या मुलाच्या हातून अग्नी मिळावा, एवढंच आईने मागितलं होतं. दादा अजून टोरांटोच्या विमानतळावरच होता, आणि दिवस मावळायच्या आत कारध्याला नदीवर न्यायचं, असं सगळे म्हणत होते. हातमागावर जन्म घालवलेल्या बाबांनी माझा ॲटलास मागितला. जगाच्या नकाशावर नागपूरपासून टोरांटोपर्यंत कोशाचा धागा ताणून धरला आणि लुगड्याचा काठ मोजावा तसा हाताने मोजला. "वीतभरच तं हाये," ते म्हणाले, "दिवस बुडायच्या आत येते तो. थांबा जरासे." काका हळूच म्हणाले, "भाऊ, दोन दिवस लागते त्याले." बाबांनी धागा पुन्हा ताणला. मी शाळेत भूगोल शिकवायचे, नकाशाचं प्रमाण मुलांना रोज समजावायचे, पण त्या दिवशी मी नकाशाचं पान त्यांच्यासाठी दाबून धरलं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तेव्हा बाबाच उठले. अग्नी त्यांनीच दिला, धागा मुठीत तसाच होता; घरी आल्यावर तो मी ॲटलासात ठेवला. परवा माझी मुलगीही टोरांटोच्या विमानात बसली. मोबाइलने किलोमीटर सांगितले, तरी मी धागा नकाशावर ठेवून पाहिला. वीतभरच भरला.