भरतीच्या वाळूवर बसलेली मेंढरं

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. सोलापुरात एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. शेजारच्या काकूंनी दाराला बांधायला लिंबू-मिरची दिली तर लिंबू सरबतात जातं आणि मिरच्या ठेच्यात. या सदरातले अनुभव मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो... आता पाळी तुमची. हसा खुशाल, पण शेवटपर्यंत वाचा.

मला ल्युपस आहे. कॉलेजात असल्यापासून. अंगावर ऊन पडलं की चट्टे उठतात, सांधे धरतात, ताप भरतो. एकदा तर प्रकरण किडनीपर्यंत गेलं आणि महिनाभर दवाखान्यात काढला. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं की परत असं झालं तर निभावणं कठीण आहे. सोलापूर जिल्ह्यात जन्म घ्यायचा आणि ऊन सोसायचं नाही, म्हणजे बघा! आमच्याकडं फेब्रुवारीतच डांबर मऊ व्हायला लागतं. मी सकाळी उजाडताना घराबाहेर पडते, दिवे लागल्यावर परत येते, आणि मधे पूर्ण बाह्या, हातमोजे, टोपी, छत्री असा सगळा अवतार. पोरं मागून मला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

तर माझी एकच हौस राहिली होती. समुद्र उजेडात बघायचा. एकदा गेले होते, पण अंधार पडल्यावर... नुसता आवाज ऐकून परत आले. मला दिवसभर वाळूत बसून तो बघायचा होता. बास.

त्यासाठी सावली हवी. मग मी त्याचा असा अभ्यास केला की नवरा, संतोष, म्हणाला, एवढ्यात तुझी पीएचडी झाली असती. किनाऱ्यावर वारा असतो, तिथं चार पायांचा उंच गझिबो, म्हणजे घडीचा मांडव, कामाचा नाही. त्याचं छत म्हणजे वाऱ्याला दिलेलं आमंत्रण. ताणलं जाणारं कापड हवं, चार कोपऱ्यांना वाळू भरायच्या पिशव्या हव्यात, आणि वाऱ्याच्या बाजूला कापड जमिनीलगत यायला हवं. सगळं ठरवून मी त्याला सांगितलं. आणि ह्या माणसानं काय आणलं? गझिबो. का, तर त्यात उभं राहता येतं. म्हणे, ‘‘खुंट्या आहेत की. आपल्याकडं लग्नाचा मांडव कशावर उभा राहतो?’’ मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण निघायचा दिवस तोंडावर आला होता, बदलून आणायला वेळ नव्हता.

जाताना नातेपुत्याजवळच्या माहेरून आबांना घेतलं. आबा म्हणजे माझे वडील. जन्म मेंढरांमागं गेला त्यांचा. गुडघे गेले तसा दादानं, माझ्या भावानं, कळप विकायला लावला, त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून आबांचं काहीतरी हरवलंय. दिवस मावळला की रिकाम्या वाडग्यापाशी जाऊन उभे राहतात. वाडगं म्हणजे काट्यांचं कुंपण, ज्यात मेंढरं बसवतात. तिथं उभं राहून जिभेनं टक् टक् करतात, हाका मारतात. दादा फोनवर मला म्हणायचा, डॉक्टरला दाखवू का गं? मी म्हटलं, आधी जरा हवापालट करून बघू. आबा तयार झाले, पण घोंगडं घेऊन. त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीचं, काळं, जाड. समुद्रावर घोंगडं कशाला म्हणून मी कुरकुरले, तर नुसतं माझ्याकडं बघितलं आणि खांद्यावर टाकलं.

अजून एक सांगायला हवं. आमच्या घरात रीत होती, मुलगी झाली की एक कोकरू तिच्या नावानं सोडायचं. ते विकायचं नाही, कापायचं नाही. माझ्या नावाचं काळं होतं, म्हणून काळी. मी होस्टेलला असताना ती म्हातारी होऊन गेली.

रत्नागिरी जिल्ह्यात एका लहान गावात आम्ही उतरलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच त्या लोकांना त्रास नको. एका घरमालकाच्या आवारात, सुरूच्या झाडांत, आमचा तंबू. समोर खाडीचा एक फाटा, आणि त्याच्या पलीकडं समुद्राला लागून वाळूचा लांबच लांब पट्टा. झाड नाही, झुडूप नाही, मधोमध एक वाळूची टेकाडी, पुरुषभर उंचीची असेल.

सकाळी उजाडायच्या आत आम्ही निघालो. त्या फाट्यात पाणी घोट्याएवढं. आमच्या लेखी तो ओढाच. चपला हातात घेऊन पलीकडं गेलो, गझिबो उभा केला, संतोषनं खुंट्या ठोकल्या. वाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं. मग ऊन आलं आणि मला समुद्र दिसला. मी रडले. हिरवा होता तो, आणि लांबवर निळा, आणि एक क्षणसुद्धा एकसारखा राहत नव्हता. मी संतोषला म्हटलं, जा, तुझा गझिबो माफ.

आता आमची चूक ऐका. ओढ्याला पाणी आलं तर वरून येतं, पावसाचं येतं, हे आम्हाला पाठ. स्वच्छ उन्हात, ढगाचा ठिपका नसताना, खालच्या बाजूनं पाणी चढत येतं हे आमच्या डोक्यातच नाही. चंद्र, गुरुत्वाकर्षण, भरती-ओहोटी... मी स्वतः फळ्यावर आकृती काढून शिकवते हो! पण पुस्तकातली भरती आणि पायाखालची भरती यांची माझी गाठच कधी पडली नव्हती. ज्यांना विचारायचं ते घरमालक आम्ही निघालो तेव्हा झोपले होते.

दुपारकडं वारा सुटला. आधी झुळूक, मग झोत, मग बोलता येईना. आमच्या काळ्या मातीत खुंटी ठोकली की बैल बांधला तरी हलत नाही. वाळूत ती लोण्यात घातल्यासारखी होती. एक निघाली, दुसरी निघाली, आणि संतोषनं पाय धरेपर्यंत गझिबो उलटा झाला, गडगडत गेला आणि पाण्यात पडला. छत्री उघडली तर तीही उलटी झाली. आणि पाणी कुठलं, तर सकाळी जो ओढा घोट्याएवढा होता, तो आता छातीएवढा, आणि ओढ असलेला. आम्हा तिघांपैकी एकालाही पोहता येत नाही. फोनला रेंज नाही. लांबवर सुरूची झाडं दिसत होती, सावली दिसत होती, आणि तिथं जायला वाट नव्हती.

मी टोपी घट्ट धरून खाली बसले. संतोषनं चादर माझ्यावर धरली तर ती वारा हिसकावून नेत होता. वरून ऊन, खालून पांढऱ्या वाळूची झळ. मनगटाशी आग व्हायला लागली. ही आग मी ओळखते... पुढं काय होतं ते मला माहीत होतं. संतोषचा चेहरा पडला होता. तो सारखा ‘‘माझ्यामुळं झालं’’ म्हणत होता आणि मला त्याला गप्प करायचंही त्राण नव्हतं. खरं सांगते, मला मरणाची भीती वाटली.

तेवढ्यात आबा दिसेनात. बघितलं तर टेकाडीकडं चालले होते, ताठ. गुडघे धरून चालणारा माणूस तो. जिभेनं टक् टक् करत होते. संतोष धावला, ‘‘मामा, कुठं निघालात?’’ आबा थांबले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले,

‘‘मेंढरं बसल्यात की तितं. मेंढरं बसत्यात तितं वारं नसतं. चला.’’

मला वाटलं, उन्हानं आबांचं डोकं फिरलं. आता दोन आजारी माणसं आणि एकटा संतोष. त्यांना परत आणायला म्हणून आम्ही मागं गेलो. टेकाडीला वळसा घातला...

आणि वारा बंद झाला. कमी नाही झाला, बंद. डोक्यावरून घोंगावत जात होता, वाळू उडताना दिसत होती, आणि खाली पदरही हलत नव्हता. तिथं वाळूत एक खोलगट जागा होती. तिथं काहीही नव्हतं. पण आबा काहीतरी चुकवत, पाय जपून टाकत, मधे वाट काढत आत गेले. वाडग्यात शिरताना ते असेच शिरायचे. हातानं बाजूला सारत होते. एकदा तर वाकून कुणाला तरी थोपटलं.

मग त्यांनी घोंगडं काढलं. वाऱ्याकडची कड वाळूत पुरली, वर वाळूचा ढीग घातला, पुढची बाजू हातातल्या काठीवर उचलली, आमच्याच सामानाच्या पिशव्यांत वाळू भरली आणि त्या टोकांना बांधल्या. मी महिनोन् महिने वाचून जे शोधलं होतं, नेमकं तेच. मला म्हणाले, शिर आत. मी शिरले.

आत काळोख होता आणि गारवा होता. आणि वास... लोकर, लेंड्या, चघळलेला पाला. तो वास घोंगड्याचा असणार, हे मी मान्य करते. सावलीनं अंग निवलं, हेही समजू शकते. पण थोड्या वेळानं माझ्या पाठीला काहीतरी टेकलं. मऊ, जड, उबदार. मग दुसऱ्या अंगाला. श्वास घेताना ते फुगत होतं आणि बसत होतं. मी लहानपणी आबांबरोबर रानात मुक्कामाला जायचे तेव्हा कळपात झोपायचे, ही टेकण मला माहीत आहे. मी हातमोजा काढला, हात बाहेर घातला आणि चाचपलं. बोटांत लोकर आली. ओलसर, काट्या-कुसळांची, जिवंत. मी हात मागं घेतला नाही. भीती म्हणावी तर नव्हती. इतकं शांत मला आयुष्यात कधी वाटलं नाही. बाहेर एवढा समुद्र गर्जत होता आणि माझ्याभोवती कुणीतरी बसून रवंथ करत होतं.

संतोष घोंगड्याच्या तोंडाशी बसला होता. तो सोलापूर शहरात वाढलेला, मेंढरू जवळून बघितलेलं नाही त्यानं. त्यानं अगदी हळू विचारलं,

‘‘अगं, हे चघळतंय कोण?’’



ऊन कललं तसं फाट्यातलं पाणी उतरलं. आबा उठले आणि म्हणाले, चला, उठली समदी. पाठीचा भार गेला. मी बाहेर आले. त्या खोलगट जागेत घोंगड्याच्या चारी बाजूंनी वाळूत बशीसारखे खळगे होते, एकाला एक लागून. मेंढरू बसून उठल्यावर पडतो तसा खळगा. आणि खुरांचे ठसे. ते टेकाडीवर चढून समुद्राकडं गेले होते आणि ओल्या वाळूपाशी संपले होते. संतोषनं मोबाइल काढला, पण उन्हात तापून तो बंद पडला होता. आमच्या डोळ्यांदेखत वाऱ्यानं ठसे भरत गेले. आम्ही दोघं नुसते उभे राहिलो. आबांनी घोंगडं झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

घरमालक काठावर आमची वाट बघत उभे होते. आधी त्यांनी आम्हाला चांगलं फैलावर घेतलं, ते बरोबरच होतं. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं की इथं मेंढ्या कुणाच्या आहेत. ते हसले. म्हणाले, ताई, आमच्या पावसात मेंढी टिकते होय? शेळ्या आहेत दोन-चार घरी, पण त्या पाण्यापलीकडं कशाला जातील?

माझ्या मनगटावर एक चट्टा उठला होता, दोन दिवसांत गेला. परत आल्यावर सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, छान आहे सगळं, अशीच काळजी घ्या. मी म्हटलं, घेते.

आता एक गोष्ट, जी मी वर लिहिली नाही. घोंगड्याखाली असताना माझ्या पावलांवर वजन होतं. पाठीशी जे होतं ते टेकून होतं, हे मात्र पावलांवर बसलेलं. सगळी दुपार. पाय बधिर झाले तरी मी हलवले नाहीत. हे मी संतोषला सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. सांगायला तोंडच होईना.

परतीच्या वाटेवर फलटणच्या पुढं चहाला थांबलो. आबांनी चहा बशीत ओतला, फुंकला, आणि रोजच्या कामाचं बोलावं तसं म्हणाले,

‘‘तुजी काळी बी हुती की. लई म्हातारी झालीया. तुज्या पायावर बसली हुती न्हवं?’’

मी ‘‘व्हय’’ म्हटलं. कॉलेजात गेल्यापासून हा शब्द माझ्या तोंडी आला नव्हता. संतोष माझ्याकडं बघत राहिला. मग भर हॉटेलात मी आबांचा हात धरून रडले.

दादाचा फोन येतो. म्हणतो, आबा आता वाडग्याकडं जात नाहीत. दिवस मावळला की जेवतात आणि झोपतात. त्यानं विचारलं तर म्हणाले, चरायला गेल्यात ती, लांब गेल्यात, पर हायत.

मी फिजिक्सची बाई आहे. वाऱ्याच्या आडोशाचं मी तुम्हाला समजावून सांगू शकते. खळगे वाऱ्यानंही पडत असतील. तिघांना एकाच वेळी भास होऊ शकतो, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण माझ्या पावलांवरचं वजन आबांना कसं कळलं, हे मला कुणी सांगावं.

तुम्ही किनाऱ्यावर जाणार असाल तर चार पायांचा गझिबो नेऊ नका. वाळूच्या पिशव्यांचं कापड न्या, भरतीची वेळ गावात विचारून घ्या. आणि हो, मी आता झोपताना पाय जरा आखडूनच घेते. पायथ्याशी जागा ठेवलेली बरी.