दांडीचा ग्लास

नाशिकजवळच्या त्या द्राक्षमळ्यात माझ्या नवऱ्याने वाईनचा ग्लास नाकाशी धरून डोळे मिटले, आणि मला चक्क त्या ग्लासाचा हेवा वाटला.

बाहेर वेलींच्या रांगा उतारावरून थेट धरणाच्या पाण्यापर्यंत गेल्या होत्या. आत, वाईन चाखायच्या दालनात, ती ओतणारी मुलगी सांगत होती, "लगेच पिऊ नका. आधी गोल फिरवा, वास घ्या, मग एकच घोट तोंडात घोळवा." एरवी पेपरात डोकं घालून ताट संपवणारा हा माणूस तिचं सगळं ऐकत होता. वर मला म्हणाला, "अगं, जांभळाची चव लागतेय बघ." माझ्या स्वयंपाकात त्याच्या जिभेला इतक्या वर्षांत फक्त कमी पडलेलं मीठ लागलं होतं!

त्या वाईनची माती, तिचा उतार, तिचं लाकडी पिंप, सगळ्याची त्या मुलीने केवढ्या लाडाने ओळख करून दिली. घरच्या पदार्थांची ओळख कोण करून देणार? ते रोज पानात येतात आणि मुकाट्याने गिळले जातात.

मळ्यावर तो ग्लास भेट मिळाला. दुसऱ्या दिवशी मी त्यात आमचं नेहमीचं कोकमाचं सार कोमट करून ओतलं आणि न बोलता त्याच्यापुढे ठेवलं. त्याने पेपर बाजूला सारला. ग्लास फिरवला, वास घेतला, डोळे मिटून एक घोट घोळवला.

"वा! हे कधी शिकलीस गं?"