मामाच्या आधीचा घास

आमच्या घरात दोन माणसं अशी आहेत की ज्यांच्यापुढे माझं काही चालत नाही. एक पाच वर्षं पूर्ण व्हायला आलेली मुलगी आणि दुसरा सहा महिन्यांचा व्हायला दोन-तीन दिवस बाकी असलेला मुलगा. कंपनीत माझ्या हाताखाली सात जण आहेत आणि ते ऐकतात. घरी "चप्पल घाल" हे मी रोज वीसदा म्हणतो आणि शेवटी मीच ती तिच्या पायात घालतो. तीही उलटी, कारण तिला तशीच हवी असते.

आम्ही घोरावाडी स्टेशनजवळ दोन खोल्यांत राहतो. माझी कंपनी आंबीला. बायको लोणावळ्याला एका हॉटेलच्या रिसेप्शनवर असते. बाळंतपणाची रजा संपत आली होती, म्हणून डिसेंबरातल्या त्या गुरुवारी तिला कागदांवर सह्या करायला बोलावलं होतं. सकाळच्या लोकलने ती जाणार, दीडपर्यंत परतणार आणि सव्वादोनला मी सेकंड शिफ्टची बस पकडणार. मधल्या वेळात दोन्ही पोरं माझ्याकडे.

निघताना तिने दारात उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं. दूध काढून वाटीत ठेवलंय, वाटी कोमट पाण्यात ठेवा, चमच्याने पाजा, घाई करू नका.

"आणि दुसरं काही त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. रविवारपर्यंत."

"माहितीये मला."

"माहिती तुम्हाला मागच्या वेळीही होतं," असं म्हणून ती जिना उतरली.

हे बोलणं मला लागलं, कारण ते खरं होतं. रविवारी बाळाचं उष्टावण होतं. आमच्याकडे पहिला अन्नाचा घास मामा भरवतो, आणि थोरलीच्या वेळी त्या घासाचा मी पार विचका केला होता. तिला सातवा महिना जुलैत लागला. मी माझा वीकली ऑफ बघून दिवस ठरवला आणि मग मेहुण्याला फोन केला. तो आंदर मावळात भात करतो. त्या आठवड्यात त्याच्याकडे लावणी होती. तिकडे लावणी एकट्याची नसते. आज सगळे मिळून एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. आपली पाळी टाकून कोणी निघत नाही. "दाजी, चार दिस फुडं ढकला," तो म्हणाला होता. मी म्हटलं, सुट्टी मिळायची नाही. आणि शेजारच्या खोलीतल्या माझ्या दोस्ताला पाटावर बसवून मामा केलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी त्याचा फोटो स्टेटसला ठेवला. मेहुण्याने तो चिखलात उभं राहून पाहिला असणार.

त्यानंतर साडेचार वर्षं तो आमच्याकडे आला नाही. भाऊबीजेला बायको माहेरी गेली की तो नेमका रानात असायचा. ती त्याचं ताट झाकून ठेवायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायची. मला एका शब्दाने बोलली नाही, ते जास्त वाईट होतं. या खेपेला तिने स्वतः फोन करून "तुला कधी जमेल?" असं विचारलं. त्याने रविवार सांगितला. फोन ठेवून तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्या रिकाम्या करून पुसून काढल्या.

तर गुरुवार. थोरलीने बालवाडीला जायला नकार दिला, कारण मोजा आतून टोचत होता. मी मोजा उलटा केला, सुलटा केला, दुसरा काढला. तोही टोचत होता. तेवढ्यात बाळाने लंगोट भिजवला, मी तो बदलला, त्याने दुसरा भिजवला. वाटीतलं दूध अर्धं त्याच्या पोटात गेलं, अर्धं माझ्या शर्टावर. मी उभा असलो की तो गप्प असायचा. बुड टेकलं की रडायचा. हे त्याला कसं कळतं हे मला अजून समजलेलं नाही.

बारा वाजता थोरलीला भूक लागली. वरणभात हवा, पण वरण भातावर पडलेलं चालणार नाही, शेजारी हवं. शेजारी वाढलं तर ते वाहत भाताकडे गेलं. मग रडणं. दुसरी ताटली. या वेळी मी भाताचा बांध घातला. ती ताटलीकडे बघत बसली आणि म्हणाली, "मला भूक नाहीये."

 मी तोंड उघडलं असतं तर शेजाऱ्यांना ऐकू गेलं असतं. बाळाला तिच्या समोर चटईवर उशीला टेकवून बसवलं, लंगोटांची बादली उचलली आणि गच्चीत वाळत घालायला गेलो. दार उघडं होतं, दोघांचे आवाज येत होते, रडणं कुणाचंच नव्हतं. एवढ्या शांततेचा मला संशय यायला हवा होता, पण मी शहाण्यासारखा एकेक चिमटा लावत राहिलो.

परत आलो तर ताटली लख्ख. मला इतका आनंद झाला की मी तिला उचलून घेतलं. "सगळं संपवलं? शहाणी गं माझी बाय."

"मी नाही खाल्लं," ती म्हणाली. "बाळाने खाल्लं. मी चिऊचा घास म्हटलं की तो आ करतो."

बाळ हनुवटीपर्यंत पिवळं झालं होतं आणि तोंड हलवत होतं. मी बोट घालून तोंड पाहिलं. सगळं मऊ होतं, अडकलं काहीच नव्हतं. बरंचसं त्याच्या अंगावर आणि चटईवर होतं, पण बऱ्यापैकी पोटातही गेलं होतं. त्याला काही झालं नव्हतं. व्हायचं ते मलाच होणार होतं.

खरं तर तेव्हाच बायकोला फोन लावायला हवा होता. मी काय केलं, तर फडकं ओलं केलं. बाळाला पुसलं, झबलं बदललं, चटई झटकली आणि डब्यातून चिक्कीची वडी काढून थोरलीच्या हातावर ठेवली. "हे आईला सांगायचं नाही." साडेचार वर्षांपूर्वी जे हातून झालं ते निदान विचार न करता झालं होतं. हे मी कळून करत होतो, आणि वर पोरीला शिकवत होतो.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. गुपित म्हणजे काय याची तिची समजूत अशी की ते दर तासाला तपासून बघायचं असतं. गुरुवारी मी शिफ्टला गेलो तेव्हा काय झालं देव जाणे. शुक्रवारी सकाळी चहा पिताना तिने आईच्या देखत खणखणीत आवाजात विचारलं, "बाबा, ते आईला सांगायचं नाहीये ना अजून?"

"काय सांगायचं नाही?" बायको म्हणाली.

"चिक्की," मी म्हणालो. "हिने जेवणाआधी चिक्की खाल्ली."

"बरं," बायको म्हणाली आणि पोळ्या लाटायला वळली. शनिवारी तिने बाळाला मांडीवर घेतलेलं असताना थोरली जवळ जाऊन त्याच्या कानात मोठ्याने म्हणाली, "तूपण सांगू नको हां." मी तिला दुकानात नेलं, पतंग घेऊन दिला, आणि वाटेत रागवलो. रागवल्यावर ती रडली. रडत घरी आल्यावर आईने कारण विचारलं, तेव्हा ती हुंदके देत म्हणाली, "मी नाही सांगणार."

रविवारी मेहुणा मोटरसायकलवर आला. सोबत नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी होती. दारात उभा राहूनच म्हणाला, "ताई, लय येळ न्हाई मला. झालं की लगी निघतो."

"आत तर ये," ती म्हणाली. तिने त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली.

माझ्याकडे त्याने बघितलं, मान हलवली. मी "या पाव्हणं" म्हटलं. साडेचार वर्षांत त्याचे केस पुढून मागे गेले होते. बायकोने त्याच्याच पिशवीतले तांदूळ धुऊन खीर केली. तोवर तो खुर्चीच्या कडेवर बसून राहिला आणि पाण्याचे दोन पेले प्यायला.

पाट मांडला, तो बसला, बाळ त्याच्या मांडीवर. बायकोने चांदीची वाटी त्याच्या हातात दिली. चमचा अजून वाटीतून पुरता बाहेर आला नव्हता आणि बाळाने भलंमोठं तोंड उघडलं. घास गिळला, हात मारून चमचा धरला आणि पुन्हा आ केला.

मेहुणा पहिल्यांदा हसला. "लय शाना हाय की. जनू सवयच हाय."

"आधी चिऊचा घास म्हणायचं असतं," थोरली म्हणाली. "मी म्हटलं होतं."

"कवा गं?"

"त्या दिवशी. वरणभात. सगळा खाल्ला त्याने. बाबांनी मला चिक्की दिली, सांगायचं नाही म्हणून."

मी बायकोकडे बघू शकलो नाही, म्हणून मेहुण्याकडे बघितलं. त्याच्या हातातला चमचा वाटीत गेला होता.

"पाव्हणं, चूक माझी," मी म्हणालो. "मी गच्चीत गेलो होतो. आणि मागच्या वेळचीही माझीच. तुम्ही चार दिवस मागितले होते. सुट्टी मिळाली असती. मी साहेबाला विचारलंच नव्हतं."

हे शेवटचं बायकोलाही माहीत नव्हतं. का बोललो कोण जाणे. तीन दिवस लपवून लपवून दमलो होतो.

त्याने बाळाच्या हनुवटीवरची खीर अंगठ्याने पुसली. मला वाटलं, आता हा उठणार. मग त्याने थोरलीकडे मान वळवली. "तुला पयला घास कुनी दिला गं?"

"मला काय माहीत. मी लहान होते."

"मंग हितं बस."

बाळाला त्याने बायकोकडे दिलं. थोरलीने मांडीवर बसायला नकार दिला, ती आता मोठी आहे म्हणून. ती समोर फरशीवर बसली आणि त्याला खडसावून म्हणाली, "म्हण." तो खाकरला. "ह्यो घास चिऊचा," तो म्हणाला, आणि चमचा तिच्या तोंडापाशी नेला. तिने खीर तोंडात घेतली, चेहरा वाकडा केला आणि हातावर थुंकली. "यात वेलची आहे."

मी डोक्याला हात लावला. तो मात्र इतका हसला की त्याला ठसका लागला.

बायको बाळाला घेऊन आत गेली होती. मी मागोमाग गेलो. ती ओट्याला टेकून उभी होती आणि डोळे पुसत होती.

"शीत मला गुरुवारीच सापडलं होतं," ती म्हणाली. "त्याच्या गळ्याच्या वळीत. आंघोळ घालताना."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर भावाला सांगावं लागलं असतं. तो आला नसता."

सुट्टी मागितली नव्हती त्याबद्दल ती काहीच म्हणाली नाही. ते अजून यायचं होतं आणि संध्याकाळी आलंही. बाहेर थोरली मामाला वेलची वेचायला लावत होती. तिला वेलचीशिवायचा घास हवा होता, आणि तो काऊचा.

लगेच निघणारा माणूस जेवून, वामकुक्षी करून, चहा घेऊन निघाला. गाडीला किक मारायच्या आधी त्याने विचारलं, "हिचा वाडदिवस कवा असतोय?"

"पुढच्या महिन्यात," मी म्हणालो. तारीख अगदी ओठांवर आली होती, ती गिळली. "तुम्हाला कधी जमतंय ते सांगा. तेव्हा करू."