त्यांना हवं तसं घर

“ही साडी नको. रोजची, जुनी काही नाही का?” बाई माझ्या आयला म्हणाल्या.

आय दारात उभी होती. शहरातनं पाहुणे येणार म्हणून तिनं लग्नकार्यात नेसायची हिरवी साडी काढली होती. ती हसली, मान हलवली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा अंगावर शेतात जायची साडी. खांद्यावर विटलेली. बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. “हां. आता छान.”

मी तिथंच होते.

आमचं घर वर डोंगरात, कुडपणला. मी खाली पोलादपूरला आत्याकडे राहून अकरावी सायन्स केलं. त्या मे महिन्यात एका विद्यापीठानं अकरावी-बारावीच्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग भरवला होता. आमच्या कॉलेजातनं माझी एकटीची निवड झाली. बाबा सोडायला आले होते. वसतिगृहाच्या गेटवर वॉचमनला पुन्हा पुन्हा विचारत होते, रात्री इथं कोण असतं, दिवे असतात का.

तो वर्ग चांगला होता. हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी म्हणेल, हिला शिकायचंच नव्हतं. आमच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक कपाटात असतो आणि कपाटाला कुलूप. तिथं तो माझ्या हाताखाली होता. मी एकदा घाबरत विचारलं, आमच्या कातळावरचं शेवाळ उन्हाळ्यात मरतं की झोपतं? मुलं हसली. शिकवणारे सर हसले नाहीत. म्हणाले, “मलाही नक्की सांगता येणार नाही. बघूया.” मास्तर असं बोलू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला भेटायला गावाकडनं आलेल्या मैत्रिणीनं पिशवीत वाळकं शेवाळ आणून दिलं. आम्ही त्यावर पाणी घातलं. थोड्या वेळानं ते हिरवं झालं. त्या दिवशी मी ठरवलं, मला हेच करायचंय.

म्हणूनच मी अडकले. मला ते सगळं हवं होतं.

वर्गाचा दुसरा टप्पा दिवाळीच्या सुट्टीत होता. थोड्याच मुलांना घेणार होते. वर्ग संपल्यावर व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी मला बोलावलं. देणगीदारांना दाखवायला फिल्म करायची आहे, तुझ्या घरी येतो, म्हणाल्या. “दुसऱ्या टप्प्याला तुझं नाव आहेच. फिल्म झाली की पक्कं करू.”

आणि आता त्या आमच्या अंगणात होत्या. सोबत कॅमेरावाला.

आयची साडी बदलून झाल्यावर त्यांची नजर बाबांच्या मोटरसायकलवर गेली. “ती जरा बाजूला घ्या.” बाबांनी ती ढकलत चुलत्याच्या पडवीत नेली. मग टीव्हीवर चादर. मग गॅसची शेगडी आत, आणि अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीपुढे आय. फुंकणी हातात. घर आमचं, पण एकेक वस्तू त्यांना विचारून ठेवायची.

आय मला हळूच म्हणाली, “जेवायला थांबतील ना गो? फणसाची भाजी केलीय.”

नळ दाराशी असून तिला हंडा घेऊन चढ चढायला लावलं. “रिकामा चालेल,” कॅमेरावाला म्हणाला.

“रिकामा हंडा घेऊन घरात येत नाय,” आय म्हणाली. तिनं तो भरला. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन मेच्या उन्हात चढ चढली. ते म्हणाले, परत. ती परत चढली. ते म्हणाले, अजून एकदा, या वेळी हसू नका.

मी खालून बघत होते. सूक्ष्मदर्शक डोळ्यांपुढे येत होता. दिवाळी येत होती. थोडा वेळ, मी मनात म्हणत होते. थोडाच वेळ.

मग माझी पाळी आली. मला चुलीजवळ बसवलं. बाईंनी मोबाईलवर लिहिलेलं वाचून दाखवलं. “माझ्या आईवडिलांना शिक्षणाचं महत्त्व कळत नव्हतं. ते माझं लग्न लावून देणार होते. या वर्गानं मला वाचवलं.”

बाबा कॅमेऱ्याच्या मागे उभे होते. वसतिगृहाच्या गेटवर दिव्यांची चौकशी करणारे माझे बाबा. त्यांनी सगळं ऐकलं.

“हे खरं नाय,” मी म्हटलं.

“अगं, फिल्मची भाषा असते,” बाई म्हणाल्या. “त्याशिवाय लोकांच्या मनाला भिडत नाही.”

“वर्गात काय शिकले ते विचारा. दिवसभर सांगते.”

“ते कोण बघणार?”

तेवढ्यात बाबा बोलले. “बोल गो. तुजं काम होतंय ना? आमाला काय. आमी जाणतो खरं काय ते.”

ते माझ्याकडे बघत नव्हते. पायातल्या चपलेकडे बघत होते. माझा बाप स्वतःवरचा आळ मला माझ्या तोंडानं बोलायला सांगत होता. माझ्यासाठी. तिथं माझ्यातलं काहीतरी तुटलं. भीती असावी.

मी उठले. “नाय बोलनार.”

“जागा कमी आहेत, माहीत आहे ना तुला?”

“माहीत हाय.”

त्या न जेवता गेल्या. बाबांनी मोटरसायकल परत आणून अंगणात लावली.

दिवाळीच्या यादीत माझं नाव नव्हतं. आमच्या कॉलेजातल्या सरांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, “उपकाराची जाण ठेवावी माणसानं.” मग फिल्म आली. मोबाईलवर बघितली. दुसऱ्याच तालुक्यातली एक मुलगी मी नाकारलेली वाक्यं बोलत होती. तिच्या आवाजावर चित्र, हंडा घेऊन चढ चढणारी बाई. माझी आय. त्या मुलीची आई म्हणून.

त्या मुलीचा मला राग नाही. तिलाही काहीतरी हवं असणार.

आयनं ते बघितलं. मग म्हणाली, “मी तुज्यासाठी चालले होते. त्यांच्यासाठी नाय.”

मी त्यांच्या कार्यालयात फोन केला. ती माझी आई आहे, काढून टाका, म्हटलं. बघतो म्हणाले. अजून काढलेलं नाही. मी फोन करायचं थांबवणार नाही.

आता मी बारावीला आहे. तसले वर्ग व्हायलाच हवेत, आणि डोंगरातल्या प्रत्येक मुलीला तिथं जायला मिळालं पाहिजे. ती प्रयोगशाळा, ते ग्रंथालय, तो “बघूया” म्हणणारा मास्तर, सगळ्यावर माझा हक्क आहे. मी त्याच विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देणार. नापास झाले तर परत देणार. आणि आत गेल्यावर कुणी विचारलं, तुला इथं कुणी आणलं, तर सांगणार, मी आले. माझ्या आईबापांनी पाठवलं.