भेटीच्या वेळेतली झोप

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि पेन्सिलीच्या टोकाने एक जागा दाखवली. मला तिथे काहीच दिसले नाही. आदल्या दिवशी त्यांनी मला ‘बेरियम मील’ पाजले होते. म्हणजे खडू कालवल्यासारखे पांढरे पाणी, ते पोटात उतरत असताना फोटो घेतात. जन्मभर खडू नाकातोंडात गेलाच होता, आता पेला भरून प्यालो, एवढाच त्यात फरक.

“ड्युओडिनल अल्सर,” डॉक्टर म्हणाले. “जठर संपून आतडं सुरू होतं त्या जागी जखम आहे. रक्त तिथूनच आलं.”

“कशामुळे?”

“अवेळी जेवण, उठसूट चहा, जागरणं. आणि काळजी. मास्तर, तुम्ही एवढी काळजी कसली करता?”

“कसलीच नाही,” मी म्हणालो.

“जगाची,” माझी पत्नी कुमुद म्हणाली. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती.

शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ हसले. मी भिंतीकडे तोंड फिरवले. माणसाला पटकी होते, हिवताप होतो, ते समजू शकते. पण काळजी करकरून पोटाला भोक पडले, हे लोकांना सांगायचे कोणत्या तोंडाने? माझ्यासारखे तुमच्यापैकी कोणी ठाण्याच्या किंवा आणखी कुठल्या इस्पितळात भिंतीकडे तोंड करून पडले असेल, म्हणून हे लिहितो आहे.

मी कल्याणच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. बिऱ्हाड डोंबिवलीला. शाळेचे वेळापत्रक दर जूनमध्ये मीच बसवतो, आणि आमच्या आळीत आजारपण, मयत, मुंज, काहीही निघाले की पहिली हाक मला. मला ते आवडत असे, खोटे कशाला बोलू? ‘दामलेमास्तर आले, आता चिंता नाही’ असे कोणी म्हटले की मला चार घास जास्त जात. जेवायला वेळच नसे, हा भाग वेगळा.

पोट बरेच दिवस दुखत होते. पोट रिकामे असले की दुखे आणि काही खाल्ले की थांबे. मी खायचा सोडा पाण्यातून घेई आणि पुढच्या कामाला लागे. मग शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले. याला ‘मेलीना’ म्हणतात. पोटात झिरपलेले रक्त असे काळे होऊन बाहेर पडते. तुम्हाला असे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगा. मी सांगितले नाही. असल्या गोष्टी बायकोजवळ तरी कशा बोलायच्या, असे वाटले.

शेवटी नववीच्या वर्गात, फळ्यावर प्रमेय लिहीत असताना, मला रक्ताची उलटी झाली. मुले ओरडली. शेजारच्या वर्गातून विनायक राणे धावत आला. विनायक आमचा चित्रकलेचा मास्तर आणि माझा मित्र. एरवी याच्यासारखा वेंधळा माणूस नाही. शाळेची घंटा वाजली की याला घरी चप्पल सापडते. पण त्या दिवशी त्याने मला उचलून टांग्यात घातले आणि माझे डोके मांडीवर घेतले. दुसरी उलटी टांग्यात झाली. ती सगळी त्याच्या शर्टावर गेली. “असू दे रे दामू, असू दे,” एवढेच तो म्हणत होता. मला त्याच्याकडे बघवेना. मी डोळे मिटून घेतले, ते पुढे आगगाडीने ठाण्याला इस्पितळात पोचेपर्यंत उघडले नाहीत.

तिथे मला दुसऱ्याचे रक्त चढवले. नाकातून एक रबरी नळी पोटात सोडली. तिला ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात. ती दोन दिवसांनी निघाली आणि मग दूध सुरू झाले. दर तासाला दूध, मधल्या वेळात चुन्याच्या निवळीसारखे औषध, उठायचे नाही, बसायचेसुद्धा नाही. दूध चोचीच्या कपातून पाजत. सिस्टर म्हणायची, “मास्तर, आ करा,” आणि मी आ करायचो. बाकीचे विधी पडद्याआड, भांड्यावर. ज्याने निम्मी आळी हाताला धरून दवाखान्यात पोचवली, त्याला कुशीवर वळवायला आता दोन माणसे लागत. मेलो असतो तर बरे, असे मला खरोखरच वाटत होते.

त्यात भेटीची वेळ. रोज चार वाजता दार उघडे आणि आमची आळी आत येई. एकेकाच्या आजारपणात मी समाचाराला गेलेलो, आता ते सगळे माझ्या समाचाराला. “मी म्हणतच होतो,” कोणी म्हणे. “आमच्या मेहुण्याला अगदी हेच झालेलं,” दुसरे कोणी म्हणे. मेहुण्याचे पुढे काय झाले ते मात्र सांगत नसत. सगळ्यांच्या हातात मोसंब्यांची पिशवी. आंबट म्हणून मला मोसंबे वर्ज्य होते, पण आजाऱ्याकडे मोसंबी न्यायची असा रिवाज आहे, मग त्याच्या पोटात भोक असो की नसो.

तिसऱ्या दिवशी मला युक्ती सुचली. चारची चाहूल लागली की मी डोळे मिटून पडायचो. “झोपलेत वाटतं,” मंडळी कुजबुजत, कुमुदजवळ पिशवी देत आणि पाय न वाजवता निघून जात. युक्ती नामी होती. एका विनायकवर तेवढी ती चालेना.

तो आला, स्टूल ओढून बसला, आणि बसूनच राहिला. ना हाक, ना चौकशी. थोड्या वेळाने मोसंबे सोलल्याचा वास आला. मग फोडी चघळण्याचा बारीक आवाज. भेटीची वेळ संपेपर्यंत बसला आणि सालपटे कागदात गुंडाळून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी आपला डोळे मिटून कातावतो आहे. हा माझी विचारपूस करायला येतो की माझी मोसंबी संपवायला?

आणखी एक गोष्ट मला खात होती. चित्रकलेचे तास मी नेहमी शेवटी टाकतो. मुलांची डोकी दमली की खुशाल चित्रे काढा, असा माझा हिशेब. म्हणजे त्या वेळी विनायक कल्याणात, वर्गात असायला हवा. तो इथे कसा? माझे वेळापत्रक कोणी मोडले? शेवटी कुमुदला विचारले.

“भावजींनी सगळ्या मास्तरांच्या हातापाया पडून तास बदलून घेतलेत,” ती म्हणाली. “आता त्यांचा पहिला तास असतो.”

पहिला तास! विनायकचा! मला हसू आले आणि लगेच पोटात कळ उठली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा काळे दिसले. डॉक्टर आले, पोट दाबून पाहिले, कागद चाळले. त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

“जखम भरत नाहीये. असंच चाललं तर ‘गॅस्ट्रेक्टमी’ करावी लागेल. म्हणजे ऑपरेशन करून जठराचा मोठा भाग काढून टाकायचा. तुमच्या अंगात रक्त इतकं कमी आहे की आज ते करायला मला भीती वाटते.” मग त्यांनी कागदावर बोट ठेवले. “हे बघा. दिवसभर नाडी ठीक असते. संध्याकाळी भेटीची वेळ झाली की रोज वर जाते. मन ताणलं की पोटात आम्ल सुटतं, आणि ते जखमेवरच पडतं. कोण येतं तुमच्याकडे?”

“कोणी नाही,” मी म्हणालो. “म्हणजे मी झोपलेलाच असतो.”

डॉक्टरांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. त्याच दिवशी माझ्या खाटेला पाटी लागली, ‘भेटीस मनाई’.

सुटलो, असे वाटले. चार वाजले. कोणी आले नाही. मी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडलो. आता जिवाला आराम पडायला हवा होता. पण दाराशी पाऊल वाजले की मान तिकडे वळे. अंगाला लागलेली कुसळे दिसत नाहीत, नुसती टोचतात, तसे काहीतरी टोचत होते. आणि मग व्हरांड्यातून मोसंब्याचा वास आला.

“बाहेर बाकावर बसलेत,” कुमुद हळूच म्हणाली; तिला तेवढी मनाई नव्हती. “मी सांगितलं, पाटी लावलीय. म्हणाले, बाकाला काही पाटी लावलेली नाही.”

ऑपरेशनच्या टेबलावरून परत आलो नाही तर या माणसाशी शेवटचा शब्दसुद्धा बोललेलो नसेन, हे मला त्या क्षणी कळले. मी सिस्टरला बोलावले. एवढा एक माणूस आत सोडा म्हणून तिची अक्षरशः विनवणी केली. मी आजवर कोणाची विनवणी केली नव्हती.

विनायक आत आला, स्टूल ओढले आणि बसला. या वेळी माझे डोळे उघडे होते.

“झोप झाली?” त्याने विचारले.

“मी झोपत नव्हतो.”

“ठाऊक आहे रे.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. झोपलेल्या माणसाची बोटं अशी चादर धरून बसत नाहीत. माणसं काढतो ना मी, दामू, कळतं मला.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुला नको होतं ना बोलायला. आणि नुसता बघत बसलो असतो तर तुला अवघडल्यासारखं झालं असतं. म्हणून आपलं सोलत बसायचो. हाताला काम.”

“तुझा शर्ट...” मी म्हणालो.

“तो? ब्रश पुसायला घेतलाय. झकास पुसतो.” मग तो गालात हसला. “आणि मला नाही कळणार तर कोणाला कळणार? मला टायफॉइड झालेला तेव्हा मी हेच करायचो.”

“काय?”

“तू रोज यायचास ना. जिन्यात तुझ्या चपला वाजल्या की मी बायकोला सांगायचो, दामू आला, मी झोपलोय म्हणून सांग.”

“तुला तेव्हा अशक्तपणा होता,” मी म्हणालो. “मी सगळ्यांना सांगायचो, विन्या फार झोपतो म्हणून.”

“अशक्तपणा होता, पण झोप कुठली! उशाशी उभा राहून तू घड्याळ काढायचास. आधी मला वाटलं, माझी नाडी बघतोयस. मग कळलं, तुला पुढं कुणाकडं तरी जायचं असायचं.”

“मला सांगायचंस तरी!”

“काय सांगू? एवढा राबून, वेळ काढून यायचास. लाज वाटली रे.”

हे सगळे तो हसत हसत सांगत होता. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एकेक खाट येऊ लागली. आळीतल्या आजोबांची, बाळंतीण झालेल्या भाचीची, शाळेच्या शिपायाची. मी पोचलो की ही सगळी मंडळी पटकन कशी झोपी जात! आणि मी त्यांची उशी सारखी करून, घरच्यांना चार सूचना देऊन, घड्याळ खिशात घालून पुढच्या घरी. इतके दिवस मला लाज वाटत होती ती भांड्याची, नळीची, चोचीच्या कपाची. ती लाज आता इतकी लहान वाटली की तिचेच हसू यावे. मी ओठ घट्ट मिटले, पण रडू फुटलेच. भर वॉर्डात, सगळ्यांदेखत, शेजारचे गृहस्थ बघत असताना. विनायकने मला गप्प केले नाही. त्याने दुसरे मोसंबे सोलायला घेतले.

थोड्या वेळाने सिस्टर नाडी बघायला आली. मनगट धरून तिने दोनदा मोजली. “आज बरी आहे हो मास्तर,” ती म्हणाली. कागदावर काहीतरी लिहून ती पुढच्या खाटेकडे गेली.

ऑपरेशन टळले. गप्पांनी अल्सर बरा होतो असे मी मुळीच म्हणत नाही, आणि कोणी म्हटले तर त्याचे ऐकू नका. दूध, औषध आणि अंथरूण यांनीच जखम भरली. पण त्यानंतर मी अंथरुणावर पडलो तो खरोखर पडलो. तोवर नुसताच आडवा होतो. पुढे खडवलीला कुमुदच्या मावशीकडे महिनाभर राहिलो. नदीकाठी बसलो, वेळेवर जेवलो, कोणाचेही काही केले नाही. आळी माझ्यावाचून व्यवस्थित चालली होती, हेही तिथे पत्राने कळले. पहिल्यांदा वाईट वाटले, मग दोन वेळचे जेवण चांगले जाऊ लागले.

जूनमध्ये वेळापत्रक बसवताना मी चित्रकलेचे तास सकाळी टाकले. मुलांची डोकी ताजी असतात तेव्हा. विनायकने भर शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी भांडण केले. तुझ्यासाठी लवकर उठलो ते उठलो, म्हणाला, आता जन्मभर उठवतोस काय? पहिल्याच दिवशी तो घंटा झाल्यावर आला.

समाचाराला मी अजून जातो, पण पूर्वीइतक्या घरी नाही. एका संध्याकाळी एकच घर. जिन्यात चपला हातात घेऊन चढतो. आजारी माणसाचे डोळे मिटलेले असले, तर त्याला उठवत नाही आणि उठून निघूनही जात नाही. स्टूल ओढून बसतो, पिशवीतले मोसंबे काढतो आणि सोलायला घेतो.